पहिली तार कडेवरून का घसरत होती: पार्ट जोडून बनवलेल्या स्ट्रॅटचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती, आणि ती एका इलेक्ट्रिक गिटारची, स्ट्रॅटची, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टरच्या घाटाची. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे गेलं की पहिली तार, म्हणजे सगळ्यात बारीक ई, फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली घसरते. व्हायब्रॅटो दिला (दाबलेली तार हलवून सूर थरथरवला) की घसरते, पुल-ऑफ केला (बोट खेचून तार सोडली) की तर हमखास घसरते, आणि घसरली की फ्रेटच्या टोकाखाली अडकते आणि सुराच्या जागी नुसता टक् असा आवाज येतो. गिटार पुण्यातल्याच एका पोराची, दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवार बँड, आणि ही गिटार त्याने कुठल्या दुकानातून तयार घेतलेली नव्हती, एकेक पार्ट निवडून बनवून घेतलेली होती. बॉडी एका ठिकाणची, मेपलचा नेक दुसऱ्या ठिकाणचा, ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा धरून ठेवणारा भाग, तिसरीकडून ऑनलाइन मागवलेला, आणि भोकं पाडून सगळं जोडून दिलं एका दुकानाने. दिसायला फार सुंदर गिटार, वजनाला हलकी, आवाजही मस्त मोकळा, पण तो सोलोला वर गेला की हात आखडायचा, कारण तार कधी हातातून जाईल याचा भरवसा नाही. जोडून देणाऱ्या दुकानात परत विचारलं तर सल्ला मिळाला की नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी, बदला, सगळ्या तारा थोड्या वरच्या बाजूला सरकवून नवीन नट कापून देतो. तो पैसे द्यायच्या आधी माझ्याकडे आला, म्हणाला दादा एकदा बघून घ्या ना, नटानेच होणार असेल तर टाकू.

नटाने होणार नव्हतं. का नव्हतं आणि मग कशाने झालं ते सविस्तर लिहितोय कारण पार्ट जोडून गिटार बनवणारी बरीच मंडळी आता आजूबाजूला आहेत आणि यातल्या बऱ्याच जणांना हाच त्रास कमीजास्त प्रमाणात होतो, आणि बऱ्याच जणांचे पैसे चुकीच्या टोकाला खर्च होतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. या गिटारचा एकही पार्ट खराब नव्हता. नेक सरळ होता, फ्रेट नीट बसवलेले होते, नटाचे खाचे एकसारखे होते, ब्रिजही चांगल्या दर्जाचा. प्रत्येक विकणाऱ्याने आपला पार्ट बरोबरच दिला होता. पण तारा ज्या रेषेत जातात ती रेषा नटापासून ब्रिजपर्यंत जाते, आणि ती कुठल्याच एका पार्टमध्ये नसते, ती पार्ट जोडताना तयार होते. कारखान्यात ही रेषा जिग, म्हणजे पार्ट ठरलेल्या जागी धरणारा साचा, सांभाळतो. घरी किंवा छोट्या दुकानात ती बघायला माणूस लागतो, आणि इथे तिच्याकडे कुणी बघितलेलंच नव्हतं.

लिओ फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर काढली तेव्हा नेक चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूने कसलेला होता, म्हणजे खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. पार्ट जोडून गिटार बनवायची सगळी परंपरा त्या चार स्क्रूंवर उभी आहे. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून ब्लॅकी नावाची गिटार बनवली, ती त्याने पुढे वर्षानुवर्षं वाजवली. पण तिथे तिन्ही गिटारी एकाच कंपनीच्या आणि साधारण एकाच काळातल्या, त्यामुळे मापं आपोआप जुळणारी. आज आपण जे मागवतो ते सगळं "स्ट्रॅटचं" असतं, पण स्ट्रॅटची मापंच एक राहिलेली नाहीत, आणि आमच्या प्रकरणाचा अर्धा गुंता तिथेच आहे.

मापं काय निघाली

स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, नेहमीचंच, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ एमएम. नट ४२ एमएम रुंद, त्यावर पहिली ते सहावी तार ३५ एमएममध्ये, दोन्ही कडांना साडेतीन-साडेतीन एमएम सोडून. म्हणजे नट अगदी मधोमध. नेक २२ फ्रेटचा, शेवटच्या फ्रेटपाशी रुंदी ५६ एमएम. ब्रिज मात्र जुन्या पद्धतीचा, सहा स्क्रूवाला, वाकवलेल्या पत्र्याची सॅडल (प्रत्येक तार ब्रिजवर जिच्यावर टेकते ती), त्यावर पहिली ते सहावी तार ५६.४ एमएम. फेंडरच्या पुढच्या काळातल्या दोन पोस्टवाल्या ब्रिजवर हेच अंतर ५२.४ एमएमच्या आसपास असतं. चार एमएमचा फरक, कागदावर किरकोळ वाटतो.

आता हिशोब बघा. बावीसावा फ्रेट नटापासून साधारण ७२ टक्के अंतरावर येतो, उरलेले २८ टक्के त्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत. नटावर ३५ आणि ब्रिजवर ५६.४ असेल तर बावीसाव्या फ्रेटवर तारांची एकूण रुंदी येते साधारण ५०.४. नेक ५६ चा, म्हणजे दोन्हीकडे मिळून उरतात ५.६ एमएम, एका बाजूला २.८. हाच ब्रिज ५२.४ चा असता तर एका बाजूला ४.२ मिळाले असते. म्हणजे या गिटारमध्ये सगळं अगदी मधोमध बसलं असतं तरी कडेला जागा तशी कमीच होती, चालली असती, जुन्या स्ट्रॅट अशाच चालतात, पण चुकीला वाव राहिलेला नव्हता. त्यात फ्रेटची टोकं तिरकी घासलेली असतात, त्यामुळे बोटाखाली तारेला खरा आधार मिळतो तो कडेच्याही आत कुठेतरी संपतो.

वर्निअर लावून मोजलं तर बावीसाव्या फ्रेटवर पहिल्या तारेच्या बाहेर दीड एमएम आणि सहाव्या तारेच्या बाहेर ४.१. बाराव्यावर २.१ आणि ३.९. नटावर दोन्हीकडे सारखं. तारेच्या मध्यापासून कडेपर्यंत मोजलंय सगळं. म्हणजे सगळाच पट्टा शेवटच्या फ्रेटपाशी पहिल्या तारेच्या बाजूला १.३ एमएम सरकलेला, बाराव्याला ०.९, नटाला शून्य.

हा आकडा तीन ठिकाणी घ्यायचा, एकाच ठिकाणी नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोक फक्त शेवटच्या फ्रेटवर बघतात आणि थांबतात. चूक नटात असती तर उलटं दिसलं असतं, नटापाशी सगळ्यात जास्त आणि ब्रिजकडे जाताना कमी कमी होत गेलेली. इथे ती नटापाशी नाहीच आणि खाली येताना वाढत जाते. इथेच नट संशयातून सुटला.

आणि तरीही नट बदलून काम भागेल का म्हणून कुणी हट्ट धरला तर त्याचाही हिशोब सोपा आहे. नटावर तारा एक एमएम सरकवल्या तर बाराव्या फ्रेटवर अर्धा एमएम सरकतात आणि बावीसाव्यावर जेमतेम ०.२८. बावीसाव्यावरची १.३ ची चूक फक्त नटाने भरून काढायची म्हटलं तर नटावर तारा साडेचार एमएमच्या वर सरकवाव्या लागतील, आणि सहाव्या तारेच्या बाहेर जागाच साडेतीन आहे. तार नेकच्या बाहेर हवेत जाईल. एक-दीड एमएम सरकवून दिला असता तर वरच्या फ्रेटवर फरक पडला नसता आणि नटापाशी पहिल्या पोझिशनमध्ये सहावी तार कडेला आली असती, म्हणजे एका त्रासाचे दोन झाले असते. पोराला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे जिथे दुखतंय तिथून लांब औषध लावत होतो. बरोबर बोलला.

नेक की ब्रिज

राहिले दोन संशयित. एक, नेक पॉकेटमध्ये, म्हणजे बॉडीतल्या त्याच्या खोबणीत, तिरका बसलाय. दोन, ब्रिजच मध्यरेषेवरून सरकून बसवलाय. आणि इथे खरी अडचण आहे, कारण फ्रेटबोर्डवर बघून या दोघांतला फरक कळत नाही. दोन्हीत चूक नटापाशी शून्य आणि खाली येताना त्याच चढाने वाढते. कितीही बारकाईने फ्रेटबोर्ड बघा, तो हे सांगणार नाही. सांगते बॉडी.

नेकच्या दोन्ही कडांना दोन लांब सरळ पट्ट्या टेकवून त्या ब्रिजपर्यंत न्यायच्या, ॲल्युमिनियमच्या फूटपट्ट्या चालतात फक्त खरंच सरळ आहेत का ते आधी बघायचं, आणि ब्रिजवर बाहेरच्या दोन तारा पट्टीपासून किती आत आहेत ते मोजायचं. आमच्याकडे पहिल्या तारेकडे ०.७ आणि सहाव्याकडे ४.३. म्हणजे नेक जिकडे बघतोय आणि ब्रिज जिथे आहे यात पावणेदोन एमएमचा फरक. यातला नेकचा वाटा किती आणि ब्रिजचा किती ते अजून कळलेलं नाही.

मग पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले, तारांचा आवाज उचलणारे भाग, बघितले. नेक तिरका असेल तर तारा ब्रिजच्या पिकअपवर जवळजवळ जागेवर असतात आणि नेकच्या पिकअपवर जास्त सरकलेल्या दिसतात, कारण ब्रिजचं टोक हललेलं नाही. ब्रिज सरकलेला असेल तर ब्रिजच्या पिकअपवरच जास्त सरकलेल्या दिसतात. आमच्या गिटारीत दोन्ही पिकअपवर तारा एकाच बाजूला गेलेल्या, पण नेकच्या पिकअपवर एक एमएमच्या वर आणि ब्रिजच्या पिकअपवर त्याहून कमी. म्हणजे मोठा वाटा नेकचा, पण ब्रिजही अगदी निर्दोष नाही. अर्थात पिकअप पिकगार्डला (बॉडीवरच्या पातळ पत्र्याला) लटकलेले असतात आणि पिकगार्ड स्वतः इकडेतिकडे बसलेला असू शकतो, म्हणून या खुणेवर एकटीवर निकाल द्यायचा नाही, नुसता अंदाज घ्यायचा.

(पोल पीस, म्हणजे पिकअपमधले तारांखालचे धातूचे खांब, आणि तारा जुळत नाहीत ही काही आजची गोष्ट नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलनची ती लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची फ्रँकनस्टाइन, तीही पार्ट जोडूनच बनवलेली, तिच्यात गिब्सन कंपनीचा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) तिरका बसवलाय, कारण त्याचे पोल फेंडरच्या ब्रिजवरच्या तारांपेक्षा जवळजवळ होते आणि तिरका केला की ते बाहेरच्या तारांखाली येतात. दोन कंपन्यांची मापं एकत्र आली की असा काहीतरी मार्ग काढावा लागतो.)

पॉकेट बघितलं तर सहाव्या तारेच्या बाजूला, पॉकेटच्या तोंडाशी, नेक आणि बॉडीच्या मध्ये फट. फीलर गेजची अर्ध्या एमएमची पाती आरामात आत. दुसऱ्या बाजूला नेक बॉडीला चिकटून, कागदही जात नाही. म्हणजे नेकचं डोकं पहिल्या तारेच्या बाजूला झुकलंय. अर्धा एमएम म्हणजे काय होतं हे ज्यांना पटत नाही त्यांनी दार आठवावं, बिजागरीपाशी केसभर फरक पडला की कडीच्या बाजूला दार चौकटीला घासायला लागतं. पॉकेटची लांबी साधारण तीन इंच, म्हणजे ७६ एमएम, आणि नेक त्याच्या जवळजवळ सहापट लांब. पॉकेटच्या तोंडाशी अर्धा एमएम म्हणजे नटापाशी तीन एमएम. आणि नट तीन एमएम झुकला की शेवटच्या फ्रेटवर तारा ०.८५ एमएम कडेला जातात, सुतारकामाच्या मापात जेमतेम पाव सूत. आमच्या १.३ मधले ०.८५ इथे सापडले.

फेंडरच्या इतिहासातही ही गोष्ट आहे. १९७१ च्या अखेरीपासून त्यांनी स्ट्रॅटला चाराऐवजी तीन बोल्ट लावले, नेकचा कोन बदलायची सोय दिली, आणि त्या काळातल्या बऱ्याच गिटारींची पॉकेट्स ढिली निघाली, नेक बाजूला सरकतो ही तक्रार त्या गिटारींना चिकटली ती कायमचीच. म्हणजे बोल्ट तीन का चार यापेक्षा पॉकेट किती घट्ट हे महत्त्वाचं, तीन बोल्ट उगाच बदनाम झाले असं माझं मत आहे.

नेक हलेना

ज्याला परत जागेवर आणता येतं ते काम आधी करायचं. ब्रिज हलवायचा म्हणजे जुनी भोकं बुजवून नवीन पाडायची, ते शेवटी. नेक फिरवायला लागतो फक्त स्क्रू ड्रायव्हर.

नेहमीची पद्धत अशी, तारा अर्ध्या सुरात ठेवायच्या म्हणजे नेक पॉकेटच्या मागच्या भिंतीला ओढलेला राहतो, चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे, मग बॉडी मांडीवर धरून नेकचं डोकं हव्या त्या बाजूला दाबायचं आणि तसंच धरून स्क्रू कसायचे. कुठली बाजू याबद्दल लोकांचा गोंधळ होतो. पहिली तार कडेला गेली असेल तर डोकं सहाव्या तारेच्या बाजूला न्यायचं, वाजवताना बघितलं तर वर, छताकडे. डोकं त्या बाजूला गेलं की तारांची रेषा खाली पॉकेटपाशीही त्याच बाजूला येते आणि पहिली तार कडेपासून आत सरकते.

केलं. नेक हललाच नाही. स्क्रू ढिले, तारा ढिल्या, तरी नेक जागचा हलत नाही म्हटल्यावर स्क्रू काढून बघितले.

हा भाग नीट सांगतो कारण मला वाटतं जोडून बनवलेल्या गिटारींमध्ये हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष आहे आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा. नेकचा स्क्रू बॉडीतून नुसता आरपार जायला हवा, त्याचे आटे फक्त नेकच्या लाकडात धरायला हवेत. स्क्रूचं डोकं मागून प्लेट दाबतं, आटे पुढून नेक ओढतात, आणि दोघांच्या मध्ये बॉडी चिमटली जाते, तोच सांधा. बॉडीतलं भोक जर स्क्रूइतकंच असेल तर आटे बॉडीतही धरतात, मग स्क्रू बॉडी आणि नेक यांना जसे आहेत तसे जखडून टाकतो, मध्ये केसभर फट असेल तर तीही तशीच राहते, वाट्टेल तितकं कसा. इथे तेच होतं. स्क्रू साधारण ४.२ एमएमचा आणि भोकही तेवढंच, स्क्रू हाताने ढकलून जात नव्हता, पिळून पिळून काढावा लागला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत बॉडीच्या लाकडाचा भुसा भरलेला. जोडताना नेक ज्या तिरक्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत चारही स्क्रूंनी तो पकडून ठेवला होता. एवढंच नाही, नेकच्या तळाला प्रत्येक भोकाभोवती लाकूड उचकटून वर आलेलं, छोटी कडी तयार झालेली, त्यामुळे नेक पॉकेटच्या तळाला पूर्ण टेकतच नव्हता. बोट फिरवलं की हाताला लागत होतं.

बॉडीची चारही भोकं ५ एमएमच्या ड्रिलने मोठी केली. पॉकेटच्या बाजूने ड्रिल घातलं, मागे प्लायवूडचा तुकडा घट्ट धरून आणि भोकांवर मास्किंग टेप लावून, नाहीतर रंगाचे टवके उडतात. ड्रिल हळू चालवायचं आणि सुरुवातीला उलटं फिरवून रंगाचा थर आधी कापून घ्यायचा, पॉलिएस्टर फिनिश जाड असतं आणि काचेसारखं तडकतं. आता स्क्रू भोकात सोडला की आपोआप खाली जाऊन टेकायला लागला. नेकच्या तळाची ती कडी काउंटरसिंकच्या बिटने, यंत्राला न लावता नुसतं बोटांत धरून, दोन-दोन फेरे देऊन काढली. नेकच्या भोकांना बाकी हात लावला नाही, ती चांगली होती, आटे घट्ट होते. स्क्रूला थोडं मेण लावलं, मेपल कडक असतं, मेण नसेल तर स्क्रू परत घालताना चरचरतो आणि कधी कधी डोकं तुटून येतं.

परत जोडलं, तारा अर्ध्या सुरात, डोकं छताकडे दाबलं, आणि नेक सरकला, हाताला कळतं ते, हलकासा कट्ट असा. तसंच धरून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने कसले, एकदम एकच पूर्ण कसला तर तो नेकला आपल्याकडे ओढतो. सहाव्या बाजूची फट मिटली आणि तेवढीच पहिल्या बाजूला आली. तिथे व्हिनियरची एक पट्टी बसवली, अर्ध्या एमएमच्या आसपास जाडीची, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात कुठल्याही व्हिनियरवाल्याकडे सॅम्पलचे असे तुकडे मिळतात. चिकटवली नाही, नुसती सरकवून घट्ट बसेल अशी घासून घेतली. या पट्टीवर कुठलाही भार नाही, भार स्क्रू घेतात, पण गिटार बॅगेत टाकताना किंवा स्टँडवरून पडताना डोक्याला धक्का लागला तर नेक परत सरकू नये एवढ्यासाठी ती हवी.

मोजलं. बावीसाव्यावर पहिल्या तारेकडे दीडचे २.३ झाले होते, सहाव्याकडे ३.३ च्या आसपास. बाराव्यावर २.७ आणि ३.३. त्याला तिथेच वाजवायला दिली, पूर्ण सुरात लावून. बाराव्यावर आता कितीही व्हायब्रॅटो दिला तरी तार जागेवर. अगदी वर, विसाव्याच्या पुढे, जोरात पुल-ऑफ केला तर अजून कधीकधी काठावर यायची.

ब्रिजचं काय करायचं

उरलेला जवळजवळ अर्धा एमएम ब्रिजचा. सहा स्क्रूंची रांग मध्यरेषेपासून पहिल्या तारेच्या बाजूला ०.६ एमएम सरकलेली होती, हे आता नेक सरळ झाल्यावर पट्ट्या लावून स्वच्छ दिसलं.

०.६ एमएमसाठी सहा भोकं बुजवून परत पाडायची का. करता येतं. भोकं मोठी करून कडक लाकडाच्या गोल खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, सपाट करायच्या आणि नव्याने आखून ड्रिल करायचं. पण नवीन भोकाचा मध्य जुन्यापासून इतका जवळ की ड्रिल खुंटी आणि जुनं लाकूड यांच्या शिवेवरच चालणार, मऊ बाजूला घसरणार, आणि सहाच्या सहा भोकं एका रेषेत आली नाहीत तर ट्रेमोलो (दांडा दाबून सूर खाली-वर करायची ब्रिजची सोय) अडकतो आणि सूर परत जागेवर येत नाही. ड्रिल प्रेस आणि जिग असेल तरच या वाटेला जावं. आणि ते सगळं करून मिळणार काय, तर पहिल्या तारेकडे २.३ चे २.८. तेवढ्यासाठी चांगली बॉडी पणाला लावायची नाही असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्यापेक्षा मूळ कमतरता तारांच्या रुंदीत होती. सॅडल ११.३ एमएमची असली की पहिली ते सहावी ५६.४ होतात, १०.८ ची असली की ५४. स्क्रूची भोकं जुन्याच मापाची, पण सॅडल १०.८ ची असे सहा स्क्रूवाले ब्रिज मिळतात. घेताना दोन्ही आकडे वेगवेगळे बघायचे, स्क्रूंमधलं अंतर वेगळं आणि तारांमधलं वेगळं, विकणारे कधीकधी एकच लिहितात आणि माणूस फसतो. त्यासोबत ब्रिजखालच्या ब्लॉकची जाडी आणि खोलीही बॉडीच्या खाचेत बसते का ते बघायचं. नुसती अरुंद सॅडल जुन्या प्लेटवर टाकायचा उद्योग करू नये, मागचे इंटोनेशनचे (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून सॅडल मागेपुढे करायचे) स्क्रू जुन्याच अंतरावर असतात, सॅडल तिरकी ओढली जातात.

हा खर्च लगेच करू नको, आधी असंच काही दिवस वाजव, खरंच अडतंय का बघ, असं म्हटलं. त्याने वाजवली, आणि त्याचं अडत होतं, कारण तो वरच्या फ्रेटवर खरंच बराच वेळ असतो. मग ब्रिज मागवला, जुन्याच भोकांत जुन्याच जागी बसवला, एकही नवीन भोक नाही. शेवटच्या फ्रेटवर आता पहिल्या तारेकडे ३.२ आणि सहाव्याकडे ४.१. मधोमध नाहीये, ब्रिजचा तो ०.६ तसाच आहे, पण आधीच्या दीडच्या दुप्पटीहून जास्त जागा, आणि पुल-ऑफमध्ये तार कडेवरून जाणं पूर्ण थांबलं.

यानंतर सेटअप अख्खा नव्याने करावा लागला, ते टाळता येत नाही, कारण नेक तळाला नीट टेकल्यावर त्याची उंचीही किंचित बदलली. तार दाबून नेकचा बाक बघितला, पाव एमएमच्या आसपास ठेवला, तारांची उंची सतराव्या फ्रेटवर १.६ एमएम, मग इंटोनेशन. नटाला कानस लावलीच नाही. तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

पावसाळ्यात एकदा परत बघायला आण म्हणून सांगितलंय. आपल्याकडे जूनमध्ये हवा पालटली की लाकूड फुगतं, व्हिनियरची पट्टी घट्ट होते, मुंबई-कोकणात तर जास्तच. तेव्हा नुसते स्क्रू कसायचे नाहीत, आधी बावीसाव्या फ्रेटवर दोन्ही बाजू मोजायच्या आणि आकडे बदलले असतील तरच नेकला हात लावायचा, ते दोन्ही आकडे मी त्याला मागच्या प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून दिलेत.

नव्या ब्रिजने एक जास्तीची गोष्ट झाली. या गिटारच्या पिकअपचे बाहेरचे दोन पोल एकमेकांपासून ५२ एमएमवर आहेत. जुन्या ब्रिजवर तारा ब्रिजच्या पिकअपपाशी ५५ एमएमच्या वर पसरायच्या, म्हणजे बाहेरच्या दोन्ही तारा पोलच्या दीड-दीड एमएम बाहेर. त्याने आवाजात फार फरक पडतो असं मी म्हणणार नाही, चुंबकाचं क्षेत्र तेवढं पसरतं, पण आता तिथे रुंदी ५२.८ येते आणि तारा पोलांवरून जातात. पोराचं म्हणणं असं की पहिली तार बाकीच्या तारांच्या बरोबरीने ऐकू यायला लागली. यातलं किती पोलमुळे आणि किती आता तो न घाबरता तार दाबतोय म्हणून, ते वेगळं काढायला आम्ही जुना ब्रिज परत बसवून रेकॉर्डिंग केलेलं नाही.